समजून घ्या : पंचवीस वर्षांची वेगवान गाडी ठेवायची, बदलायची की भंगारात द्यायची?

मे महिन्यातली दुपार. बुलढाण्यातलं लग्न आटोपून आम्ही मोताळ्याला परतत होतो. राजूर घाट उतरताना शेवटच्या वळणांवर मामांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल स्पंजासारखं थेट खाली गेलं. मामांनी घाईघाईने दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी कशीबशी कडेला थांबली. मागच्या सीटवर आई आणि मामी होत्या. बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

अर्ध्या तासाने पेडल पुन्हा नेहमीसारखं घट्ट झालं. "गाडीले काई झालं नाई, ऊन लागलं तिले," मामा म्हणाले.

ऊन लागलं नव्हतं. नेमकं काय झालं होतं, ते पुढे येईलच. ही गाडी म्हणजे फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स, पहिली नोंदणी मार्च २००२ ची. मामांनी २००९ मध्ये ती पुण्याहून सेकंड हँड आणली. तिची नोंदणी मार्च २०२७ मध्ये संपते. त्या दिवसापासून मामांचा एकच प्रश्न आहे, "सांग बावा, इकू का ठेवू?"

हा प्रश्न एकट्या मामांचा नाही. होंडा सिटी व्हीटेक, फोर्ड आयकॉन १.६, पॅलिओ अशा एकेकाळच्या वेगवान गाड्या आजही अनेकांच्या शेडमध्ये आहेत. त्यांच्या मालकांना पडणारे प्रश्न एकेक करून समजून घेऊ.

मोताळ्यात स्पोर्ट्स कार कुठून आली?

काटेकोर बोलायचं तर पॅलिओ ही स्पोर्ट्स कार नाही. स्पोर्ट्स कार म्हणजे बहुतेक वेळा दोन दरवाजांची, बुटकी आणि वेगासाठीच बनवलेली गाडी. भारतात असे प्रयोग मोजकेच झाले. रेनोचं छोटं इंजिन बसवलेली दोन आसनी सॅन स्टॉर्म हा त्यातला एक. डीसी अवंती हा दुसरा. ती २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये लोकांसमोर आली.

मध्यमवर्गीय हौशी चालकाच्या वाट्याला आल्या त्या साध्या शरीरात मोठं इंजिन बसवलेल्या गाड्या. सप्टेंबर २००१ मध्ये आलेली पॅलिओ त्यातलीच. तिच्या जीटीएक्स मॉडेलमध्ये १,५९६ सीसीचं, १६ व्हॉल्व्हचं, सुमारे १०० अश्वशक्तीचं इंजिन होतं. त्या काळात भारतीय हॅचबॅकमध्ये एवढी ताकद दुर्मीळ होती.

ही गाडी बनली मुंबईत, कुर्ल्यात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाटच्या सहकार्याने कुर्ल्यात गाड्या बनवल्या, मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी त्यातलीच. पॅलिओ हा त्याच परंपरेतला पुढचा टप्पा. जाहिरातीचा चेहरा होता सचिन तेंडुलकर.

त्याच सचिनला २००२ मध्ये फियाटतर्फे मायकेल शूमाकरच्या हस्ते फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. फेरारीची मालकी तेव्हा फियाटकडे होती. त्या गाडीच्या आयात शुल्काचा वाद खूप गाजला. पुढे २०११ मध्ये ती सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. फेरारीचा उल्लेख इथे केवळ आठवण म्हणून नाही. मामांच्या पॅलिओत आणि त्या फेरारीत एक दुखणं सारखं आहे. तेही पुढे पाहू.

१५ वर्षांनंतर गाडी महाराष्ट्रात चालते का?

चालते. सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. पेट्रोल गाडीला १५ आणि डिझेल गाडीला १० वर्षांची मर्यादा हा विषय दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा आहे. तो राष्ट्रीय हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आला. महाराष्ट्रात खासगी गाडीला अशी सरसकट वयोमर्यादा नाही.

मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येतं. अट एकच, गाडी तपासणीत पास झाली पाहिजे. त्यासाठी नमुना २५ भरावा लागतो. मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो. मोताळ्याच्या गाडीमालकाला त्यासाठी बुलढाण्याचं परिवहन कार्यालय गाठावं लागतं.

ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेलं स्क्रॅप धोरणही वयावर नाही, गाडीच्या अवस्थेवर चालतं. तपासणीत नापास झालेली गाडी मोडीत निघावी, असा त्यामागचा विचार आहे. नोंदणीकृत केंद्रात गाडी दिल्यावर ठेव प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवून नवीन खासगी गाडीच्या रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे.

कागदांचा खर्च किती?

मामांनी मार्च २०२२ मध्ये नूतनीकरण केलं, तेव्हा शुल्क होतं ६०० रुपये. पुढच्याच महिन्यात, १ एप्रिल २०२२ पासून, मोटारीसाठी ते ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळे दर लावले. आता हिशेब असा आहे :

• १५ ते २० वर्षांची मोटार : ५,००० रुपये
• २० वर्षांहून जुनी मोटार : १०,००० रुपये
• २० वर्षांहून जुनी मोटारसायकल : २,००० रुपये
• २० वर्षांहून जुनी आयात केलेली मोटार : ८०,००० रुपये

म्हणजे मार्च २०२७ मध्ये मामांना फक्त नूतनीकरणाचे १०,००० रुपये भरावे लागतील. अर्ज करायला उशीर झाला तर मोटारीला दरमहा ५०० रुपये जादा. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट हवीच. महाराष्ट्रात चारचाकीसाठी तिचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी आहे.

विम्यातही एक मेख आहे. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता गाडीच्या वयावर नाही, इंजिनाच्या सीसीवर ठरतो. २०२२ च्या दरपत्रकात १,००० ते १,५०० सीसीच्या मोटारीला वर्षाला ३,४१६ रुपये आहेत, तर १,५०० सीसीच्या वरच्या मोटारीला ७,८९७ रुपये. पॅलिओचं इंजिन १,५९६ सीसीचं. म्हणजे ९६ सीसीपायी दरवर्षी जवळपास साडेचार हजारांचा फरक. बाजारात गाडीची किंमत काहीही येवो, हा हप्ता चुकत नाही.

घाटात ब्रेक का गेले?

आता मे महिन्यातल्या त्या दुपारकडे येऊ. ११०० किलो वजनाची गाडी १०० मीटर खाली उतरते, तेव्हा साधारण ११ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ही ऊर्जा साडेतीन लिटर साध्या पाण्याला उकळी आणायला पुरेल एवढी आहे. गाडी गिअरमध्ये असेल तर त्यातला मोठा वाटा इंजिन पेलतं. न्यूट्रलमध्ये असेल तर जवळपास सगळी उष्णता ब्रेकमध्ये जाते.

मामा पेट्रोल वाचवायला घाट न्यूट्रलमध्ये उतरत होते. कार्बोरेटरच्या जमान्यातली ही सवय. इंधन इंजेक्शनच्या गाडीत ती उलटी पडते. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की संगणक इंजेक्टर बंद करतो आणि पेट्रोल जवळपास जळतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल लागतंच.

दुसरं कारण ब्रेक ऑइल. हे द्रव हवेतली आर्द्रता शोषून घेतं. मानकानुसार नवीन डॉट-४ ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मिसळलं की ही मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. तापलेल्या ब्रेकजवळ ते उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. त्यामुळे पाय खाली जातो आणि चाकापर्यंत जोर पोहोचत नाही. गार झाल्यावर वाफेचं पुन्हा द्रव होतं आणि पेडल घट्ट लागतं. म्हणूनच ही चूक लपून राहते.

मामांच्या गाडीचे ब्रेक पॅड वर्षभरापूर्वीच बदललेले होते. ब्रेक ऑइल कधी बदललं, हे मात्र कोणालाच आठवत नव्हतं. झाकण उघडलं तर आत चहासारखं काळपट पाणी होतं. ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी कमी चालली असली तरी.

आधी काय दुरुस्त करायचं?

जुन्या गाडीचा हौशी मालक पहिला पैसा बहुतेक वेळा आवाजावर किंवा दिसण्यावर खर्च करतो. मामांनीही २०१० मध्ये आधी मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला होता. खरं तर क्रम उलटा हवा. गाडी आधी थांबली पाहिजे, मग गार राहिली पाहिजे, मग सरळ चालली पाहिजे. वेग सगळ्यात शेवटी.

टायर : टायरच्या बाजूला चार आकडे असतात. '३२१५' याचा अर्थ २०१५ चा ३२ वा आठवडा. कमी फिरणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी चांगली दिसते, पण रबर कडक झालेलं असतं. मामांच्या चारही टायरची नक्षी छान होती आणि वय ११ वर्षं. पहिल्या पावसात ओल्या रस्त्यावर असे टायर घसरतात.

टायमिंग बेल्ट : फेरारीशी असलेलं साम्य ते हेच. पॅलिओच्या १.६ इंजिनात साखळीऐवजी रबरी टायमिंग बेल्ट आहे. फेरारी ३६० मोडेनातही तसाच आहे. हा बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन बसतं. बेल्ट किलोमीटरनेच नाही, वयानेही म्हातारा होतो. म्हणून पुस्तिकेत दिलेले किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी होईल तेव्हा तो बदलायचा. सोबत टेन्शनर आणि वॉटर पंपही बदलावा, कारण मजुरी एकदाच पडते.

कूलिंग : आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापली की पहिला सल्ला ठरलेला, "थर्मोस्टॅट काढून टाका." मामांच्या गाडीतलाही काढलेला होता. थर्मोस्टॅट नसला की इंजिन योग्य तापमानाला पोहोचायला उशीर लागतो. संगणकाला ते थंड वाटतं, तो जादा पेट्रोल सोडत राहतो, झीज वाढते आणि पीयूसीत आकडे बिघडतात. गाडी तापत असेल तर कारण शोधायचं. चोंदलेला रेडिएटर, बंद पडलेला पंखा किंवा दाब न धरणारं झाकण. झाकण साधं वाटतं, पण त्याने धरलेल्या दाबामुळेच आतलं पाणी शंभर अंशांच्या बरंच वर जाऊनही उकळत नाही. आणि रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी ओतायचं नाही. त्याचा क्षार आत साचतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर हेच मिश्रण हवं.

बुश आणि शॉकॲब्सॉर्बर : "गाडी पूर्वीसारखी राहिली नाही," असं मालक म्हणतो, तेव्हा दोष बहुधा इंजिनाचा नसतो. सस्पेन्शनमधले रबरी बुश चिरलेले असतात. मूळ मापाचे नवे बुश आणि शॉकॲब्सॉर्बर टाकले की स्टिअरिंग पुन्हा जागेवर येतं. कोणत्याही महागड्या बदलापेक्षा हा फरक चालकाला आधी जाणवतो.

हेडलाइट : जुन्या वायरिंगमध्ये व्होल्टेज गळतं. हॅलोजन बल्बला १० टक्के कमी व्होल्टेज मिळालं तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. अशा वेळी लोक डोळे दिपवणारे बल्ब बसवतात. त्याऐवजी मूळ वॅटचाच बल्ब ठेवून रिले आणि जाड वायर टाकली की पूर्ण उजेड परत मिळतो. समोरच्या ट्रकचालकालाही त्रास होत नाही.

ई-२० पेट्रोलचं काय?

मोताळा तालुक्यात कापूस आणि सोयाबीनच्या जोडीला मका मोठ्या प्रमाणावर होतो. देशात इथेनॉलसाठी मक्याचा वापर वाढला, तशी मक्याची चर्चा पेट्रोल पंपापर्यंत आली. मामांच्या शेतातही मका आहे. त्यामुळे इथेनॉलला नावं ठेवताना ते जरा जपूनच बोलतात.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठलं गेलं. २००२ ची गाडी मात्र या मिश्रणासाठी बनलेली नाही. तिच्यात दोन गोष्टी होतात. पहिली, मायलेज घटतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज सहा ते सात टक्क्यांनी कमी होईल, असा अंदाज आहे.

दुसरी गोष्ट रबराची. जुने इंधन पाइप, सील आणि गॅस्केट इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात. इंधनाचा पाइप इंजिनाच्या उष्णतेजवळून जात असेल तर ही गळती आगीपर्यंत जाऊ शकते. म्हणून १५ वर्षांवरच्या प्रत्येक पेट्रोल गाडीचे इंधन पाइप एकदा तपासून इथेनॉल सहन करणारे बसवावेत. यासाठी फार मोठा खर्च येत नाही.

इथेनॉल पाणीही शोषतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाण्याचा थर वेगळा होऊ शकतो. हौसेची गाडी झाकून ठेवण्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा मलकापूरपर्यंत फिरवून आणलेली बरी.

कोणते बदल कायद्यात बसतात?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. त्यानुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द महत्त्वाचे आहेत.

सहसा अडचण न येणारे बदल :
• मूळ मापाचे किंवा कंपनीने त्याच मॉडेलला दिलेल्या मापाचे टायर आणि रिम
• मूळ दर्जाचे ब्रेक, बुश, शॉकॲब्सॉर्बर
• सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, मूळ वॅटचे दिवे

परवानगी किंवा नोंद लागणारे बदल :
• गाडीचा रंग बदलणे
• इंजिन बदलणे
• मान्यताप्राप्त सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किट बसवणे

अडचणीत आणणारे बदल :
• आवाज वाढवणारा सायलेन्सर, प्रेशर हॉर्न
• काळी फिल्म. कारखान्यातल्या काचेतूनही पुढे-मागे किमान ७० टक्के आणि बाजूने ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे
• कापलेली स्प्रिंग, चॅसिस किंवा बॉडीचा आकार बदलणे

सायलेन्सरचा विषय वेगळा सांगायला हवा. आवाजाच्या नियमाचं उल्लंघन झालं तर कलम १९०(२) लागू शकतं. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने वाहन परवान्यासाठी अपात्रता. मामांचा मूळ सायलेन्सर गोठ्याच्या माळ्यावर सोळा वर्षं पडून होता. फुंकर मारून, गंज घासून तोच पुन्हा बसवला. गाडी बंद केल्यासारखी वाटली, अशी मामांची पहिली तक्रार होती.

ताकद वाढवणारे बदल खरंच ताकद वाढवतात का?

टर्बो इंजिनात संगणकाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद चांगली वाढते. पॅलिओसारख्या टर्बो नसलेल्या इंजिनात मात्र फरक फारसा हाती लागत नाही. बाजारातले नेहमीचे दोन उपाय तर कधी कधी उलटेच पडतात.

पहिला, उघडा कोन फिल्टर. त्याचा आवाज मस्त येतो. पण मूळ फिल्टर बाहेरची गार हवा घेतो आणि उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा. ३० अंशांच्या हवेऐवजी ६० अंशांची हवा आत गेली तर तेवढ्याच जागेत ऑक्सिजन सुमारे नऊ टक्के कमी बसतो. म्हणजे आवाज वाढतो आणि ताकद घटते.

दुसरा, मोठी अलॉय चाकं. चाकाचा व्यास पाच टक्क्यांनी वाढला तर स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी ८४ ने धावत असते. पिकअप मंदावतो, स्टिअरिंग जड होतं आणि खड्ड्यात रिम वाकते.

वेगाचा एक हिशेब डोक्यात ठेवावा. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ६० ऐवजी ८० च्या वेगाने जाताना ब्रेकला सुमारे ७८ टक्के जादा ऊर्जा जिरवावी लागते. ताकद वाढवणाऱ्याने आधी ब्रेकचा विचार करायचा, तो यासाठी.

सुटे भाग आणायचे कुठून?

खरी कसोटी इथे आहे. फियाटने भारतात आपल्या नावाच्या मोटारी विकणं केव्हाच थांबवलं. मोताळ्यात तर कंपनीचं सेवा केंद्र कधीच नव्हतं. मग गाडी चालते कशी? तीन मार्गांनी.

पहिला मार्ग, सामायिक भाग. बेअरिंग, बेल्ट, फिल्टर, क्लच, ब्रेक पॅड बहुतेक वेळा स्वतंत्र पुरवठादार बनवतात. जुन्या भागावरचा क्रमांक पुसून स्वच्छ करा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. दुकानदाराला गाडीचं नाव सांगण्यापेक्षा हा क्रमांक पाठवला तर भाग लवकर सापडतो.

दुसरा मार्ग, जुना बाजार. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. कुर्ल्यात जन्मलेल्या गाडीचे भाग आजही कुर्ल्यातूनच येतात. पण तिथे एक पथ्य पाळायचं, पावतीशिवाय काही घ्यायचं नाही. इंजिनवर क्रमांक असतो. तो चोरीच्या गाडीचा निघाला तर उत्तर द्यावं लागेल तुम्हाला.

तिसरा मार्ग, पार्टसाठी दुसरी बंद गाडी विकत घेणं. हौशी मालक हे सर्रास करतात. मात्र कायमची निकामी झालेली गाडी १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवून तिची नोंदणी रद्द करावी लागते. अनेक जण हे विसरतात. मग त्या नंबरवर पुढे काही घडलं तर दोष कागदावरच्या मालकाकडे येतो.

ज्या भागांवर जीव अवलंबून आहे, ते ब्रेक होज, बॉल जॉइंट, टाय रॉड आणि टायर मात्र कधीच जुने घ्यायचे नाहीत.

विम्यात काय सांगायचं?

इतक्या जुन्या गाडीचा पूर्ण विमा सहज मिळत नाही. मिळाला तर गाडीची किंमत कंपनी आणि मालक मिळून ठरवतात. कायद्याने थर्ड पार्टी विमा मात्र सक्तीचाच. गाडीत बदल केला असेल तर तो विमा कंपनीला लेखी कळवावा. न सांगितलेला बदल दाव्याच्या वेळी अडचण ठरू शकतो. फोन करून सांगितलं, हा पुरावा होत नाही.

ही गाडी 'विंटेज' होईल का?

होईल, पण थांबावं लागेल. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज ठरू शकते. तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नवीन नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की, चॅसिस, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात हवं. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

मामांच्या पॅलिओला हा मान मार्च २०५२ मध्ये मिळेल. तोपर्यंत नियम इतर गाड्यांचेच. पण मूळ भाग जपून ठेवण्याचं आणखी एक कारण यातून मिळतं. काढलेला प्रत्येक मूळ भाग पिशवीत बांधून, त्यावर नाव लिहून ठेवावा.

मग ठेवायची की विकायची?

यासाठी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत.

१) चॅसिस शाबूत आहे का? गाडी रॅम्पवर घेऊन खालचा गंज पाहा. इंजिन दुरुस्त होतं, ब्रेक नवे बसतात. सस्पेन्शनच्या जागा आणि चॅसिसच गंजून पोकळ झाले असतील तर गाडी सोडलेली बरी.

२) घरात रोजच्या वापराला दुसरं वाहन आहे का? दवाखाना, शाळा, बाजार समिती यासाठी हीच एक गाडी असेल तर जुनी गाडी ठेवणं महागात पडतं. भाग यायला दहा दिवस लागले तर घर अडून बसतं.

३) पुढच्या पाच वर्षांचा खर्च परवडतो का? मामांचा नुसता कागदांचा हिशेब केला तर नूतनीकरणाचे १०,००० आणि सध्याच्या दराने पाच वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता सुमारे ३९,५००. म्हणजे जवळपास ५० हजार रुपये. त्यावर जीएसटी, पर्यावरण कर, पीयूसी, टायर आणि दुरुस्ती. यातून पैसा परत मिळणार नाही, मिळणार आहे तो आनंद. तो किती मोलाचा, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

मामांच्या गाडीचं चॅसिस चांगलं निघालं. घाटाखालच्या कोरड्या हवेचा आणि शेडचा हा फायदा. घरात दुसरी गाडी आहे. तिसऱ्या प्रश्नावर मामी तीन दिवस गप्प होत्या. मग त्यांनीच अट घातली. आधी ब्रेक, टायर आणि बेल्ट, आणि घाटात न्यूट्रल कायमचं बंद. नवीन सायलेन्सरचं नावसुद्धा घरात काढायचं नाही.

ब्रेक ऑइल बदललं, होज नवे बसले, इंधन पाइप बदलले, थर्मोस्टॅट परत जागेवर आला. परवा मामा राजूर घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरले. खाली आल्यावर गाडी कडेला घेतली, एकदा ब्रेक दाबून पाहिला आणि म्हणाले, "आता जमलं." नमुना २५ भरण्याची आठवण मोबाइलमध्ये लावून ठेवली आहे, १ जानेवारी २०२७ ची.